बंदुकीची दारू

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 'दारू' हा शब्द माणसाने थोडा जपून उच्चारावा. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्याकडे ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्यामुळे "आमच्या आजोबांच्या घरी दारू कायम असे, आणि तीही परवान्याची," असे मी सांगू लागलो की ऐकणारा आधी इकडेतिकडे पाहतो आणि मग खुर्ची पुढे ओढतो. त्याची निराशा करणे मला भाग पडते. ती दारू बंदुकीची होती. काळी, दाणेदार, शिंगात भरून, तोंडाला लाकडाचे बूच ठोकून, चुलीपासून दूर माजघराच्या खुंटीला टांगलेली. आम्हां पोरांना त्या खुंटीखालून जायलासुद्धा बंदी होती. घरात एवढी कडक दारूबंदी दुसरी नव्हती.

ही दारू जिच्यासाठी होती ती बंदूक ठासणीची. आमच्या भागात तिला भरमार म्हणतात, आणि पुस्तकातल्या नावापेक्षा मला हेच नाव अधिक खरे वाटते. कारण तिचा निम्मा जन्म भरण्यात आणि उरलेला वाट पाहण्यात जातो. नळी उभी धरायची. बांबूच्या पेराचे एक माप दारू तोंडातून आत सोडायची. वर चिंध्यांचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, मग पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागच्या बाजूला, घोड्याखाली, तांब्याची एवढीशी टोपी बसवायची. इतके सगळे झाल्यावर बार एकच. तो चुकला की पुन्हा नळी उभी धरण्यापासून सुरुवात. अंधारात आजोबांच्या सरावल्या हातांनाही याला एक मिनिट सहज लागे, आणि एका मिनिटात चितळाचा कळप दोन बांध्या ओलांडून रानात शिरलेला असे.

नागभीडच्या बाजूचे शेत म्हणजे धानाचे शेत. हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, भारी धान त्यानंतर. बांध्या संपल्या की धुऱ्यापासून रान सुरू. मधे कुंपण नाही, भिंत नाही. लोंबी भरली की तिचा वास माणसाआधी रानाला कळतो. संध्याकाळी रानडुकरे येतात, रात्री चितळे, पहाटे रोही. चितळाचा कळप खातो त्यापेक्षा तुडवतो अधिक, आणि रानडुक्कर तर बांधी नांगरल्यासारखी करून जाते. म्हणून कापणीपर्यंत शेतात जागल करावी लागते. साठीच्या दशकात मी आजोबांबरोबर मचाणावर अशा कितीतरी रात्री काढल्या आहेत. खाली शेकोटी, वर घोंगडी, शेजारी भरमार. आजोबा बोलत फार थोडे. त्यांचा एक नियम मात्र ठरलेला होता. पहिला बार आवाजाचा. म्हणजे दारू भरायची, बोळा ठासायचा, छर्रे घालायचे नाहीत. कळप बांधीत उतरला की आभाळाकडे नळी करून हा खाली बार काढायचा. सगळे रान दणाणून जाई आणि कळप उधळे. बहुतेक रात्री काम तेवढ्यावर भागत असे.

प्रत्येक रात्री भागत असे असे मात्र नाही. वर्षातून एखादे चितळ पडे. त्याचे मांस गावात वाटले जाई, आणि मीही ते खाल्ले आहे. आजोबांना मी साधुपुरुष ठरवू इच्छित नाही. ते धानाचे शेतकरी होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. खरा बार काढताना ते फार वेळ घेत. जनावर चाळीस पावलांच्या आत येईपर्यंत, आडवे होईपर्यंत, मागे माणूस वा गुरू नाही याची खात्री पटेपर्यंत ते दम धरून बसत. मी कुजबुजलो की म्हणत, "घाई करू नोको. एकच हाय."

बार निघाला की आधी काही दिसत नसे. पांढऱ्या धुराचा लोट मचाणासमोर उभा राही आणि वारा नसला तर तिथेच रेंगाळे. पुढे मोठेपणी मला याचे कारण वाचायला मिळाले. काळी दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ती जळते तेव्हा तिचा वायू होतो तो निम्म्याहून कमी. उरलेला सारा भाग बारीक घन कण होऊन धुरात आणि नळीत राहतो. तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते एवढेच, की आपण काय केले ते पाहण्यासाठी धूर विरेपर्यंत थांबावे लागते. त्या अर्ध्या मिनिटात आजोबांचा चेहरा कसा होई ते मला अंधारात दिसत नसे, पण ते एकदाही त्या वेळात बोलल्याचे मला आठवत नाही.

सकाळी आजीची पाळी. काळ्या दारूची राख नळीत राहिली की ओल ओढते आणि लोखंड खाते; म्हणून नळी त्याच दिवशी कढत पाण्याने धुवावी लागे. पाणी आत पडले की सडक्या अंड्यासारखी घाण सुटे. आजी नाकाला पदर लावून पाणी ओती आणि आजोबांच्या शिकारीचा, सरकारच्या परवान्याचा व बंदूक शोधून काढणाऱ्या अज्ञात इसमाचा एकत्र उद्धार करी. मग आजोबा मोहाच्या बियांच्या तेलाचा बोळा नळीतून फिरवीत आणि बंदूक पुन्हा खुंटीवर जाई.

त्या परवान्याचीही एक मौज आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगू इच्छिणाऱ्याचा वेगळा उल्लेख आहे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना आमचे मचाण माहीत होते, हे वाचून मला बरे वाटले होते. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. हरणांच्या शिकारीवर बंधने आली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने मुळातूनच संपले. म्हणजे बंदूक कायद्यात राहिली आणि तिचे लक्ष्य कायद्याबाहेर गेले. २०१५ मध्ये राज्य शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांपुरती परवानगीची वाट काढली. पण आजोबांची बंदूक तोवर कधीच जमा झालेली होती. ते गेल्यावर मामांनी ती पोलीस ठाण्यात नेऊन दिली. मला तिच्याविषयी हळहळ वाटली नाही. चितळे राहिली पाहिजेत, आणि ती राहिली ती पुष्कळ अंशी या कायद्यामुळे, असे मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही म्हणतो.

हे सारे मी विसरूनही गेलो असतो. पण माझा एक भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तो तिथे शिकारीचा शौकीन झाला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "मामा, पणजोबा भरमारीत दारू किती घालायचे?" मी चकित झालो. त्याने ठासणीची बंदूक विकत घेतली होती! ज्या देशात दुकानात रायफली मिळतात, तिथे हा मुलगा गज आणि बोळा घेऊन बसला होता. त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे होते. तिकडच्या बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेला असतो. पेनसिल्व्हेनियात तर १९७४ पासून नाताळनंतर एक असा हंगाम आहे, ज्यात टोपीचीसुद्धा चालत नाही. गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारीच बंदूक हवी. तिथे लांडगे कधीच संपले. हरणे फार झाली. ती आटोक्यात ठेवण्याचे काम सरकारने ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिवसांपुरते शिकाऱ्यांकडे दिले आहे. आमच्याकडे ते काम अजून वाघ करतो.

त्याची अडचण दारूची होती. काळी दारू तिथे स्फोटक द्रव्यांत मोडते. ती ठेवायची तर दुकानदाराला नाना नियम, म्हणून फार थोडे दुकानदार ती ठेवतात. म्हणून तिला पर्याय निघाले आहेत. त्यांतला नावाजलेला 'पायरोडेक्स'. डॅन पॉलाक नावाच्या माणसाने तो सत्तरीच्या दशकात तयार केला, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्याच्याच कारखान्यातल्या दुर्घटनेत तो व त्याचे सहकारी प्राणाला मुकले. पुढे हॉजडन या कंपनीने ती दारू बाजारात रुजवली. ती काळ्या दारूहून हलकी असते. म्हणून तिचे माप मापाने घ्यायचे, वजनाने नाही. तिच्यानंतर गंधक अजिबात नसलेली 'ट्रिपल सेव्हन' आली. तिला सडक्या अंड्याचा वास येत नाही. हे ऐकून मला आजीची आठवण झाली. मात्र या सगळ्या पर्यायांना पेटायला आच अधिक लागते. टोपीवर त्या पेटतात, पण गारगोटीच्या ठिणगीला दाद देत नाहीत. तेव्हा भाच्याला रंजकापुरती का होईना खरी काळी दारू शोधावीच लागली.

"मग सरळ काडतुसातली बिनधुराची दारू का घालत नाहीत?" मी विचारले. उत्तर मला माहीत होते. त्याला ते माहीत आहे का हे पाहायचे होते. तो म्हणाला, "नळी फुटेल मामा, आणि डोळे जातील." बरोबर. काळी दारू नळीत दाब वाढला तरी आपल्या चालीने जळते. बिनधुराची दारू दाब वाढेल तसतशी अधिक भडकते, आणि जुन्या नळीला तो दाब सोसत नाही. आजोबांना हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते. पण काडतुसातली दारू भरमारीला चालत नाही हे ते शपथेवर सांगत.

त्या रात्री मी पुष्कळ वेळ विचार करीत होतो. तिकडच्या लोकांनी दारू बदलली. परंतु एक बार, धूर आणि ताटकळणे ही तिन्ही त्यांनी जपून ठेवली, आणि तीही हौसेने. आमच्याकडे हौस नव्हती, गरज होती. भरमार गेली, पण धान राहिले आणि चितळे, डुकरे राहिली. मग आमच्या शेतकऱ्याला पर्याय कोणता मिळाला? तो सांगताना मला लाज वाटते. काही शेतांत धुऱ्यावरून उघडी तार ओढतात आणि रात्री तिच्यात करंट सोडतात. त्याला दारू लागत नाही, धूर होत नाही, आवाज होत नाही, जागलही लागत नाही. माणूस घरी जाऊन झोपतो. चितळ आले की चितळ, डुक्कर आले की डुक्कर, आणि पहाटे पाणी पाहायला शेजारी आला तर शेजारी.

एप्रिल २०१७ मध्ये आमच्या नागभीडच्या परिसरात 'श्रीनिवास' नावाचा तरुण वाघ अशाच तारेला चिकटून मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा तो मुलगा. गळ्यात रेडिओ कॉलर होती. तार डुकरांसाठी लावलेली होती. भ्यालेल्या शेतकऱ्याने वाघ जमिनीत पुरला. मला त्या वाघाचे वाईट वाटले तसे त्या शेतकऱ्याचेही वाटले. पहाटे तारेजवळ गेल्यावर त्याला काय दिसले असेल! आजोबांना धूर विरल्यावर दिसायचे ते त्यांनी आधी पाहून, निवडून केलेले असायचे. याने काहीच निवडलेले नव्हते. तार त्याच्या वतीने रात्रभर बार काढीत होती, आणि तिला एकच बार नव्हता.

म्हणून भरमार परत आणा असे मी म्हणणार नाही. तिने चोरट्या शिकारी पुष्कळ केल्या. गडचिरोलीच्या रानात तिने माणसेही मारली, आणि तिथल्या काही गावांनी आपल्या भरमारी पोलिसांकडे जमा केल्या हे चांगलेच झाले. सौर कुंपण हा भला पर्याय आहे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. आजोबांच्या पहिल्या खाली बाराचे काम ते करते. परंतु ते विकत घ्यावे लागते, त्याची बॅटरी सांभाळावी लागते, तारेवर चढलेला वेल रोज कापावा लागतो. म्हणजे धुऱ्यावरून कुणीतरी फिरायलाच हवे. सध्या माझ्या चुलतभावाच्या शेताला असे कुंपण आहे. यंदाही हलके धान भरत आले तेव्हा तो रोज संध्याकाळी विळा घेऊन धुऱ्यावर जात होता. पोराने त्याला विचारले, "बाबा, कुंपण आहे ना, मग रोज कशाला जाता?" त्याने वेल कापता कापता सांगितले, "पाहायला."