पडवीतील बाळंतीण

जो रात्रंदिवस घराची राखण करतो, त्याची राखण करण्याची पाळी घरावर क्वचितच येते. ती आली, म्हणजे मात्र घराच्या माणुसकीची परीक्षा होते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात वांगणी नावाचे गाव आहे. कर्जतच्या लोहमार्गावरील वांगणी ती निराळी. इकडे आगगाडी येत नाही. या मुलखात डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकते. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरे असतात आणि अंगणात एखादे कुत्रे असते. शिळी भाकरी आणि उरलेली पेज हेच त्याचे वेतन. तेवढ्यावर ते कोंबड्या-शेळ्या राखते आणि रात्री रानातून बिबट्याची चाहूल लागली, की भुंकून सारे घर जागे करते.

पावसाळा ओसरला, खळ्यावर भात येऊ लागला, की अशा घरची कुत्री अनेकदा गाभण असते. तिचे दिवस भरायला सुमारे नऊ आठवडे, म्हणजे साधारण ६३ दिवस लागतात. मग एके दिवशी ती भाकरीला तोंड लावीत नाही. पडवीचा कोपरा पायांनी उकरू लागते, धापा टाकते, पुन्हा पुन्हा जागा बदलते. घरातील म्हातारी हे सारे ओळखते. ती कोपऱ्यात कोरडा पेंढा पसरते, वर जुने गोणपाट घालते आणि नातवंडांना बजावते, “पोरांनो, तिला पाणी ठेवा आणि बाजूला व्हा. आता तिच्याजवळ गर्दी करायची नाही.”

रात्री थंडी पडते. एकेक पिलू थोड्या थोड्या वेळाने जन्माला येते. प्रत्येक पिलू एका पातळ पिशवीत गुंडाळलेले असते. आई ती पिशवी दातांनी फाडते, नाळ तोडते आणि पिलाला जोराने चाटू लागते. त्या चाटण्याने पिलू कोरडे होते, त्याच्या नाकातोंडावरील चिकटा निघतो आणि त्याचा श्वास मोकळा होतो. हे तिला कोणी शिकविलेले नसते. परंतु कसलेल्या सुईणीच्या हाताला साजेल, असे तिचे काम असते.

नुकत्याच जन्मलेल्या पिलाइतका असहाय जीव दुसरा क्वचितच असेल. त्याचे डोळे मिटलेले, कानही बंद. थंडी वाजली तरी पहिल्या दिवसांत त्याला कुडकुडून अंग गरम करता येत नाही. आईच्या कुशीबाहेर पडलेले पिलू हिवाळ्याच्या एका रात्रीतही दगावू शकते. तिचे पहिले दूध, म्हणजे चीक, हे तर त्याचे रोगांविरुद्धचे पहिले कवच. म्हणून ती पहिले काही दिवस पिलांजवळून फारशी हलत नाही.

याच दिवसांत घरातील मुलांना वाईट वाटते. काल हातातून भाकरी घेणारी आपली कुत्री आज आपल्यावरच गुरगुरते! परंतु तो कृतघ्नपणा नव्हे. आंधळ्या-बहिऱ्या लेकरांना तिच्यावाचून दुसरा पहारेकरी नाही, एवढेच तिला ठाऊक असते. अशा वेळी दूर राहणे हेच प्रेम.

महाभारताच्या आदिपर्वात सरमा नावाच्या कुत्रीची कथा आहे. जनमेजय राजाच्या यज्ञाजवळ तिचे पिलू गेले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे आले. सरमा थेट यज्ञमंडपात गेली आणि तिने विचारले, ‘माझ्या निरपराध लेकराला का मारले?’ त्यांच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. तेव्हा ‘तुम्हांवर अदृश्य भय ओढवेल’ असा शाप तिने दिला, आणि एवढा मोठा राजा त्या शापाने बेचैन झाला.

सरमेचा तो प्रश्न आजही संपलेला नाही. दहा ते चौदा दिवसांनी पिलांचे डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कानांना ऐकू येऊ लागते. मग ती पडवीभर धडपडू लागतात. दोन महिन्यांची झाली, की शेजारीपाजारी पिलू मागायला येतात. त्यांतील पुष्कळजण आधी नर आहे की मादी, हे पाहतात. नर लगेच उचलले जातात. माद्या मागे राहतात. काही गावांत अशा माद्यांना पोत्यात घालून दूर सोडून येतात. तसे करणारा मनुष्य एक गोष्ट विसरतो. जिच्या भुंकण्याच्या भरवशावर त्याचे घर निश्चिंत झोपते, ती पडवीतील बाळंतीणही मादीच आहे.

पिले वाढत जातील ही अडचण खरी. पण तिला उपाय आहे. पशुवैद्य लहानशी शस्त्रक्रिया करून ती दूर करू शकतात. तीन महिन्यांच्या सुमारास पिलाला पिसाळरोगाची लस टोचून घेतली, की माणसांचेही भय जाते. या रोगावरील लस लुई पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम एका मुलाला टोचली होती आणि तो मुलगा वाचला होता.

ज्या घरी असे घडते, तेथे उरलेल्या मादीलाही अंगणात जागा मिळते. काही महिन्यांनी एखाद्या रात्री रानाच्या बाजूला पाचोळा वाजतो. म्हातारी आई भुंकते, आणि तिच्या पाठोपाठ एक कोवळा, नवखा आवाज भुंकू लागतो. घरातील माणसे कंदील घेऊन बाहेर येतात. शेळ्या सुरक्षित असतात.