आभाळ वाचणारी माणसं

दर तासाला अमेरिकेतल्या विमानतळावर एक माणूस खोलीबाहेर येई आणि मान वर करून क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आभाळ न्याहाळी. किती झाकलंय, कोणते ढग, किती उंच. रात्री तो आधी काही वेळ अंधारात नुसता थांबे. डोळे सरावले की कुठले तारे विझलेत त्यावरून ढग ताडी. जवळच एक प्रकाशझोत सरळ वर गेलेला असे. ढगाच्या पोटाला उमटलेला त्याचा ठिपका ठरावीक अंतरावरून कोनमापकानं हेरायचा. उरलेलं काम त्रिकोणमितीचं.

त्याच्या नोंदवहीतली नावं फार जुनी. १८०२ साली लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड या औषधनिर्मात्यानं एका व्याख्यानात ती सुचवली: सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस. क्षणात विरणाऱ्या गोष्टीलाही नाव द्यावं, हा केवढा लोभ!

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या शेकडो विमानतळांवर हे काम स्वयंचलित यंत्रणेकडे गेलं. सीलोमीटर अदृश्य लेझरचे स्पंद वर सोडतो आणि ते ढगावरून परतायला लागलेल्या वेळावरून उंची काढतो. दीड किलोमीटरवरचा ढग असेल, तर सेकंदाचा एक लाखावा भाग. तो दमत नाही, पहाटे तीनला डुलकी घेत नाही. धुक्यात उतरणाऱ्या वैमानिकाला हा आकडा हवाच असतो, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही.

पण सीलोमीटरला दिसतो तो डोक्यावरचा एक ठिपका. त्या ठिपक्यावरून अर्ध्या तासात जे वाहून गेलं, तेच तो सगळं आभाळ मानतो. डोंगरामागे अडून राहिलेला ढग त्याच्या लेखी नाहीच. आणि ही यंत्रणा १२,००० फुटांपर्यंतच पाहायची. त्यावर पिंजून पसरलेला सिरस असला, सूर्याभोवती खळं पडलं असलं, तरी नोंद एकच: निरभ्र.

मला सलतं ते हे. ढग होते, आणि ते होते असं म्हणणारं तिथे कुणी उरलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली नोंदींची माळ त्याच दशकात तुटली. पुढे अमेरिकेवरचं आभाळ वाढतंय की ओसरतंय हे शास्त्रज्ञांना पाहायचं होतं, तेव्हा त्यांना लष्करी तळांवरच्या नोंदींकडे वळावं लागलं. तिथे अजून माणसं बाहेर येऊन वर पाहत होती.