चार प्रकार आणि एक ताळा

कुर्डुवाडी

चि. मुक्तास,

अभिक्रियांचे चारही प्रकार पाठ झाले, पण समीकरण संतुलित कशासाठी करायचं ते कळत नाही, असं तू लिहिलंस. मग प्रकार जरा बाजूला ठेव आणि आपल्या गावच्या रेल्वेकडे बघ.

1897 साली कॅलथ्रॉपसाहेबाने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे काढली. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला. फायरमन दिवसभर कोळसा मारायचा आणि उरायची थोडीशी राख. बघणाऱ्याला वाटे, कोळसा संपला. पण 12 किलो कार्बन पुरता जळताना हवेतला 32 किलो ऑक्सिजन ओढतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे कोळशाहून कितीतरी जड माल धुराड्यातून वर जायचा, तोही बिनभाड्याचा! या जळण्याला तुझं पुस्तक एका पानावर संयोग म्हणतं, दुसऱ्या पानावर ऑक्सिडीकरण. दोन्ही बरोबर. नाव तुम्ही कुठून बघता त्यावर ठरतं. वजन मात्र कुठूनही बघा, तेवढंच.

बॉयलरमध्ये अपघटन चाले. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि नळ्यांवर पांढरा थर धरतो. तुझ्या आजीच्या पाणी तापवायच्या भांड्यातही तोच आहे.

विस्थापन बघायचं तर रुळाचा सांधा जोडताना बघावं. मला स्वतःला हीच अभिक्रिया सगळ्यांत देखणी वाटते. दोन रुळांमध्ये बोटभर फट ठेवतात, भोवती साचा बसवतात आणि वर मुशीत थर्मिट भरतात: लोहाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी. पेटवलं की ॲल्युमिनियम लोखंडाकडून ऑक्सिजन हिसकावून घेतं. उष्णता एवढी निघते की सुटलेलं लोखंड पाण्यासारखं पातळ होऊन साच्यात उतरतं. हलकी मळी वर तरंगते. गंज चढताना लोखंड हवेतून जो ऑक्सिजन हळूहळू घेतं, तो इथे काही सेकंदांत काढून घेतला जातो.

आता ताळा घे. 160 ग्रॅम ऑक्साइड, 54 ग्रॅम ॲल्युमिनियम: बेरीज 214. निघालं 112 ग्रॅम लोखंड आणि 102 ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइड: पुन्हा 214. अठराव्या शतकात लव्हाझिएने बंद भांड्यांत पदार्थ तापवून, आधी आणि नंतर तोलून हेच दाखवलं. त्याचा भर तराजूवर होता. समीकरणातले आकडे म्हणजे तोच तराजू कागदावर. शाळेत 'प्रकार ओळखा' आधी आणि तोलणं नंतर शिकवतात, ते मला उलटं वाटतं.

एक किलो ॲल्युमिनियमला किती लोखंड सुटेल, ते काढून कळव. माझं उत्तर दोन किलोंच्या जरा वर जातंय.

तुझे,
आजोबा