चाळीस वह्या, एकच उत्तर

मराठी माध्यमाच्या एखाद्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या चाळीस वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवाव्यात आणि एकाच दिवसाचे पान सगळ्यांत काढावे. वर कोपऱ्यात तारीख, मधोमध अधोरेखित केलेला ‘थॉट ऑफ द डे’, त्याखाली ‘न्यू वर्ड्स’चा तीन रकान्यांचा तक्ता: स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ. मग पाठाखालच्या स्वाध्यायातले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे, दोन-तीन रिकाम्या जागा, जोड्या लावा. शेवटी लाल शाईची बरोबरची खूण आणि तारखेसह सही. अक्षराचे वळण सोडले तर एका वहीत आणि दुसऱ्या वहीत काही फरक नसतो. पहिल्या बाकावरच्या मुलीचे उत्तर आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाचे उत्तर स्वल्पविरामासकट सारखे, कारण दोघांनीही ते फळ्यावरून उतरवलेले असते किंवा एकाच गाइडमधून घेतलेले असते. वहीवरचे नाव झाकले तर आतल्या मजकुरावरून ती कोणाची हे आईलासुद्धा सांगता येणार नाही. इंग्रजीच्या तासाला रोज जे काम दिले जाते त्याचा खरा दोष मला इथे दिसतो. काम भरपूर असते, मुले ते मन लावून करतात, शिक्षक ते तपासतात. पण त्या कामात मुलाचे स्वतःचे असे एकही वाक्य नसते.

म्हणून रोजच्या कामाची एकच कसोटी असावी असे मला वाटते. मुलाने उत्तर देण्याआधी ते कुठे लिहून ठेवलेले होते का? होते, तर मुलाने ते वाहून आणले, इतकेच. नव्हते, तर दोन शब्दांचे का होईना, पण वाक्य घडले आणि ते त्या मुलाने घडवले. दररोज, प्रत्येक मुलाकडून, असे निदान एक वाक्य. सारा तास त्यासाठी द्या असे माझे म्हणणे नाही. पाठ शिकवावा, मोठ्याने वाचून घ्यावा, शब्द पाठ करून घ्यावेत, श्रुतलेखनही घ्यावे. इंग्रजी स्पेलिंगसारख्या आडमुठ्या गोष्टीला घोकंपट्टीवाचून गत्यंतर नाही. मात्र तास संपताना पाच-सात मिनिटे अशी हवीत की ज्यांत फळा कोरा आहे, गाइड दप्तरात आहे आणि मूल स्वतःच्या डोक्यातून काहीतरी कागदावर आणते आहे.

याची निकड कळायला फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. 2000 साली ते पहिलीपासून आले. म्हणजे आज सहावीत बसलेल्या मुलाच्या गाठीशी इंग्रजीची पाच वर्षे असतात. पाच वर्षांत कोणतीही भाषा थोडीफार तरी तोंडात बसायला हवी. ‘प्रथम’च्या ‘असर’ अहवालांत ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची जी पाहणी होते, तिच्यात 2009 साली आठवीतली 60.2 टक्के मुले साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकत होती. 2016 साली हे प्रमाण 45.2 टक्क्यांवर आले. मला त्याहून जास्त बोलका वाटतो तो याच अहवालातला दुसरा आकडा: पाचवीतल्या ज्या मुलांना वाक्य वाचता आले, त्यांतल्याही सुमारे 62 टक्क्यांनाच त्याचा अर्थ सांगता आला. उरलेल्यांनी वाक्य अचूक उच्चारले आणि त्यात काय म्हटले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. हा आकडा सगळ्या देशाचा आहे आणि त्यामागे कारणे अनेक असणार, हे कबूल. पण ज्या वर्गात उच्चार एका रकान्यात आणि अर्थ दुसऱ्या रकान्यात लिहायची सवय लावली जाते आणि दोन्ही एकत्र वापरायची वेळ कधीच येत नाही, तिथे याहून निराळे काही घडेल अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

हे दुखणे नवे नाही आणि त्यावर विचारही आपल्याच भूमीवर झालेला आहे. मायकेल वेस्ट हे शिक्षक-प्रशिक्षक ढाक्याला नोकरीला होते. बंगालमधल्या शाळांतले इंग्रजी पाहून त्यांनी 1926 साली जे लिहिले, त्यातला एक मुद्दा आजही टोचतो. बहुतेक मुले शिक्षण मध्येच सोडतात. मग सोडतील त्या टप्प्यापर्यंत शिकलेले त्यांच्या उपयोगी पडले पाहिजे. आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलीला औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचून समजत नसेल आणि बँकेच्या अर्जात स्वतःबद्दल दोन ओळी लिहिता येत नसतील, तर आठ वर्षांच्या वह्यांतली सुंदर उत्तरे तिला काय देऊन गेली? वेस्ट यांचा भर वाचनावर होता, तोही सोप्या, मोजक्या शब्दांतल्या भरपूर वाचनावर. पाठ्यपुस्तके एका पाठात नव्या शब्दांची गर्दी करतात आणि ते शब्द पुन्हा भेटू देत नाहीत, ही त्यांची तक्रार आमच्या ‘न्यू वर्ड्स’च्या तक्त्यालाही लागू पडते. आज लिहिलेला शब्द पुढच्या आठवड्यात मुलाला कुठेच भेटला नाही, तर तो वहीतच राहतो.

दुसरा प्रयोग जास्त जवळचा आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या साध्या शाळांत, भरगच्च वर्गांत एक पद्धत करून पाहिली. व्याकरणाचा किंवा शब्दांचा ठरीव क्रम त्यांनी बाजूला ठेवला आणि मुलांपुढे रोज एक काम ठेवले: नकाशा पाहून रस्ता शोधणे, वेळापत्रकावरून गाडी ठरवणे, माहितीवरून निष्कर्ष काढणे. आधी तसलेच एक काम शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर बोलत बोलत सोडवत, आणि मग दुसरे काम प्रत्येक मुलाने एकट्याने सोडवायचे. आपल्या वर्गात हे कसे दिसेल? फळ्यावर तालुक्याच्या स्थानकावरून जिल्ह्याला जाणाऱ्या तीन एस.टी. लिहा: साडेसहा, सव्वाआठ, पावणेदहा. प्रवास अडीच तासांचा. ताईची परीक्षा अकरा वाजता आहे. तिने कोणती गाडी धरावी आणि का? पावणेदहाची गाडी सव्वाबाराला पोचते, तेव्हा ती बाद. सव्वाआठची पावणेअकराला पोचते, म्हणजे वेळेत. बरीच मुले तीच निवडतील आणि ‘शी विल रीच ॲट टेन फोर्टी फाइव्ह’ असे काहीतरी लिहितील. एखादी मुलगी मात्र साडेसहाची गाडी निवडून ‘बस इज ऑलवेज लेट’ असे कारण देईल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि दुसरे तर कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही. ते सुचायला त्या मुलीने एस.टी.ची वाट पाहिलेली असावी लागते. इंग्रजी पहिल्यांदाच तिच्या रोजच्या जगण्याला चिकटते ते अशा वेळी.

प्रभूंच्या प्रयोगाचे पुढे मूल्यमापन झाले आणि त्याचा निष्कर्ष डोळे मिटून जयजयकार करावा असा नव्हता. जुन्या पद्धतीने शिकलेली मुले त्या पद्धतीच्या चाचणीत पुढे राहिली, प्रयोगातली मुले कामावर आधारलेल्या चाचणीत. मात्र श्रुतलेखन, आकलन अशा दोन्हींपैकी कोणाचीच बाजू न घेणाऱ्या चाचण्यांत प्रयोगातल्या मुलांचे पारडे जड दिसले. मला एवढा पुरावा पुरेसा वाटतो, कारण माझा दावाही एवढाच आहे की ज्याचा सराव होतो ते येते. उत्तर उतरवण्याचा सराव केला की उतरवणे येते. वाचनाच्या बाजूनेही असाच पुरावा आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी 1980च्या सुमारास फिजीतल्या खेड्यांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना अडीचशे-अडीचशे चित्रांची, गोष्टींची इंग्रजी पुस्तके दिली आणि रोज वीस-तीस मिनिटे ती वाचू दिली. त्यांत घरी हिंदी बोलणारी भारतीय वंशाची मुलेही होती. आठ महिन्यांत त्यांची वाचनातली प्रगती इतरांच्या दुप्पट वेगाने झाली, आणि दुसऱ्या वर्षाअखेर लेखनात आणि व्याकरणातही ती पुढे गेली, व्याकरण वेगळे शिकवलेले नसताना.

यावर पहिला आक्षेप येतो तो चुकांचा. मुलांना मोकळे सोडले तर चुकीचे इंग्रजी अंगवळणी पडेल, पक्के होईल, मग ते निघता निघणार नाही. ही भीती प्रामाणिक आहे. फळ्यावरचे उत्तर उतरवून देण्यामागेही बहुतेक वेळा हीच काळजी असते. पण चुकांकडे जरा निरखून पाहावे. सातवीतला मुलगा ‘माय फादर टुडे फील्ड इन वर्क’ असे लिहितो तेव्हा त्याने शब्द भिरकावलेले नसतात. ‘माझे वडील आज शेतात कामाला’ या मराठी वाक्याचा क्रम त्याने तसाच उचललेला असतो. तुटलेले असले तरी ते वाक्य सांगते की शब्द येतात, अर्थ पोचतो आणि अडते ते क्रमाशी. शिक्षकाला दुसऱ्या दिवशी नेमके काय शिकवायचे याचा याहून स्पष्ट पत्ता मिळत नाही. उतरवलेले बिनचूक उत्तर यातले काहीच सांगत नाही. त्याच्या आड मुलाचे अज्ञान वर्षानुवर्षे सुरक्षित लपून राहते आणि दहावीच्या पत्रलेखनात एकदम उघडे पडते. आणि चूक पक्की होते ती एकदा केल्याने नव्हे. योग्य वाक्य पुरेसे कानांवर आणि डोळ्यांसमोर आले नाही म्हणून ती पक्की होते. म्हणूनच स्वतःच्या वाक्याबरोबर रोजचे वाचन मी सोडत नाही. एकाला दुसऱ्याची गरज आहे.

काही जण म्हणतात, आधी शब्द तरी येऊ द्या, मग वाक्य. मला हे उलटे वाटते. पाच वर्षे शिकलेल्या मुलाकडे शंभर-दोनशे शब्द असतातच. तेवढ्यात आज शाळेच्या पोषण आहारात काय होते आणि ते आवडले का हे लिहिता येते. अडला तर मराठी शब्द मध्ये घालू द्यावा. ‘टुडे खिचडी वॉज व्हेरी तिखट’ हे वाक्य आहे, आणि ‘तिखट’ला इंग्रजीत काय म्हणतात हे विचारायला तो मुलगा स्वतःहून उठेल. त्याने स्वतः मागितलेला शब्द तक्त्यात दिलेल्या दहा शब्दांपेक्षा जास्त दिवस टिकतो. शिवाय हीच मुले मराठीत काय करतात ते पाहावे. कित्येक जिल्हा परिषद शाळांत मुलांची हस्तलिखिते निघतात, भित्तिपत्रके लागतात. त्यांत पावसावरच्या कविता असतात, आजीच्या गोष्टी असतात, गावच्या जत्रेची वर्णने असतात. सांगण्यासारखे काही नाही अशी ही मुले नाहीत. इंग्रजीच्या तासाला त्यांना ते कुणी विचारत नाही.

तपासण्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिक वर्गांना 35 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगतो. प्रत्यक्षात एका शिक्षकाकडे तीन-चार वर्गांचे इंग्रजी असते, त्यात ऑनलाइन माहित्या भरणे, सर्वेक्षणे, आहाराच्या नोंदी. अशा माणसाला रोज दीडशे वेगवेगळी वाक्ये बारकाईने तपासा असे सांगणे अन्याय आहे. पण प्रत्येक वाक्य तपासलेच पाहिजे, हा दंडक कोणी घातला? आठ वह्या रोज घ्याव्यात, म्हणजे आठवड्यात वर्ग पुरा होतो. त्यांतली दोन वाक्ये नाव न घेता फळ्यावर लिहून सगळ्यांनी मिळून दुरुस्त करावीत. त्या दहा मिनिटांत व्याकरणाचा तासही होतो. बाकीची वाक्ये शेजाऱ्याने वाचली तरी पुरे. आज लाल खुणा करण्यात जो वेळ जातो, तो तरी कशासाठी जातो? शिक्षकानेच सांगितलेले उत्तर नीट उतरले आहे का, एवढे पाहण्यासाठी. शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी कच्चे असेल तर, अशीही शंका निघते. त्या शिक्षकाने रोज मुलांबरोबर आपलेही एक वाक्य फळ्यावर लिहावे. त्याचेही इंग्रजी त्यातूनच सुधारेल.

राहिले पालक आणि परीक्षा. पालकसभेत भरलेली वही दिसली की समाधान वाटते, कोरी पाने दिसली की प्रश्न येतो. 2023 साली पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने बांधून दिली गेली, पुढे 2025 साली ती योजना मागे घेतली गेली. दप्तराचे ओझे, कागदाचा खर्च यांवर तेव्हा खूप बोलले गेले. त्या पानांवर मुलाने काय लिहायचे यावर मात्र फारच कमी. परीक्षेबद्दल म्हणाल तर शासनाने 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले तेव्हाच वाट मोकळी केली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य अशी आठ तंत्रे त्यात आहेत आणि सहावीला निम्मे, सातवीला 40 टक्के गुण या आकारिक मूल्यमापनासाठी ठेवलेले आहेत. हे गुण देणे वर्गातल्या शिक्षकाच्याच हातात आहे. त्यासाठी वरून प्रश्नपत्रिका येत नाही. आज त्या रकान्यांत बहुधा स्वाध्याय पूर्ण केल्याचे गुण पडतात. त्याऐवजी मुलाने महिन्याभरात स्वतः लिहिलेली वीस वाक्ये समोर ठेवून गुण द्यायचे असे एखाद्या शाळेने या जूनपासून ठरवले, तर त्यासाठी तिला नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही, आणि पालकसभेत दाखवायला प्रत्येक मुलाची वेगळी वही असेल.