बदामाची कौलं आणि कालिमोचो

प्रिय शैलावहिनी,



मे महिन्यात घरी जमणाऱ्या मंडळींसाठी वाईन घालून थंड काय करता येईल, आणि त्याच्याबरोबर ताटलीत काय ठेवावं, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच मुलखातून येतं, आणि ते फोनवर मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

हा मुलूख बास्कांचा. पिरेनीजचे डोंगर पश्चिमेला जिथे समुद्राला भिडतात, तिथे सात प्रांतांमध्ये ही माणसं राहतात. चार प्रांत स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. त्यांच्या भाषेचं जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचा देह जपून ठेवला आहे, ते फ्रान्सिस झेवियर याच मातीतले. नवार प्रांतातल्या एका किल्ल्यात १५०६ साली ते जन्मले आणि बास्क हीच त्यांची मातृभाषा होती. गोव्याला जाणं होतं तेव्हा आपण सगळे तिथे डोकावतो, पण ते कुठून आले हे सहसा कोणी विचारत नाही.

आज या मुलखाचं नाव निघतं ते नामांकित रेस्तराँमुळे. सान सेबास्तियनच्या ‘आर्साक’कडे १९८९ पासून मिशेलिनचे तीन तारे आहेत. ते कौतुक रास्तच आहे. तरी बास्क माणसाचा खाण्यापिण्याचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर तो दोन अगदी साध्या गोष्टींत जास्त स्वच्छ दिसतो. एक म्हणजे बदामाची पातळ बिस्किटं. त्यांत चार-पाच जिनसा असतात आणि त्यांतली एकही वाईट असून चालत नाही. दुसरी म्हणजे लाल वाईनचं एक पेय, जे वाईन वाईट निघाली म्हणूनच प्रसिद्ध झालं. एकाच समाजाने या दोन्हींवर सारखाच जीव लावावा, यात त्या लोकांची खरी ओळख आहे.

आधी बिस्किटं.

गिपुस्कोआ प्रांतात ओरिया नदीकाठी तोलोसा नावाचं गाव आहे. काळ्या घेवड्यासाठी आणि कार्निव्हलसाठी ते आधीपासूनच ओळखलं जातं. त्या गावातल्या ‘कासा एथेइथा’ या दुकानाचं नाव १९२४ पासून दोन बिस्किटांशी जोडलेलं आहे. पहिलं ‘तेखा’, म्हणजे कौल. आकार अगदी आपल्या नळीच्या कौलासारखा, अर्धगोल वाकवलेला, अंगावर बदामाचे काप. दुसरं ‘सिगारिओ’. ते त्याहून पातळ पापुद्र्याचं, गरम असतानाच गुंडाळून सुरळी केलेलं. स्पेनच्या त्या भागात कॉफीबरोबर किंवा जेवण संपल्यावर ही दोन्ही पुढे येतात, आणि पाहुणा परत निघाला की एखादा डबा त्याच्या हातात दिला जातो.

याची खरी गंमत हवामानात आहे. सान सेबास्तियनला वर्षाला दीड हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो वर्षभर विखुरलेला. बदामाला असली ओल मानवत नाही. बदाम पिकतो तो दक्षिणेकडे, एब्रो नदीच्या कोरड्या खोऱ्यात आणि भूमध्य समुद्राच्या बाजूला. म्हणजे बदाम बाहेरून आणायचा, आणि त्यातून करायचं काय, तर हवेतल्या दमटपणाने तासाभरात मऊ पडणारं बिस्किट! म्हणून तिथे हवाबंद डब्याला बिस्किटाइतकंच महत्त्व आहे. तुमच्या नाशिकचा कोरडा मे महिना या बाबतीत तोलोसापेक्षा कितीतरी सोयीचा. हेच बिस्किट श्रावणात करायला घ्याल तर मात्र डब्याचं झाकण घट्ट हवं.

सरहद्दीपलीकडे, फ्रान्सच्या किनाऱ्यावर, सँ-झाँ-द-लुझ नावाचं मासेमारीचं गाव आहे. ९ जून १६६० रोजी तिथल्या चर्चमध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा यांचं लग्न लागलं. गावातलं ‘मेझाँ आदाम’ हे दुकान आपली सुरुवात त्याच वर्षाची सांगतं, आणि त्यांच्या बदामाच्या मॅकरूनची गोष्ट त्या लग्नापर्यंत नेऊन भिडवतं. हा मॅकरून पॅरिसच्या रंगीत, मध्ये क्रीम भरलेल्या मॅकरूनहून वेगळा. एकच चकती, सोनेरी, वरून किंचित तडकलेली, आत चिवट. बदाम, साखर, अंड्याचा पांढरा भाग, बस. मैदा नाही, लोणी नाही. असा पदार्थ गोष्टीच्या जोरावर इतकी वर्षं टिकत नाही. बदाम चांगला असावा लागतो.

तुम्ही करून पाहावं असं मात्र मला तेखाच वाटतं, कारण त्यात हाताचं कसब लागतं आणि तुमच्या हाताला ते आहे. बदामाचे पातळ काप १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि वितळवून कोमट केलेलं ३० ग्रॅम बिनमिठाचं बटर. पांढरा भाग फेसायचा नाही. साखर विरघळेपर्यंत नुसता ढवळायचा. मग मैदा, मग बटर, शेवटी काप. हे मिश्रण तासभर फ्रीजमध्ये ठेवावं, म्हणजे ट्रेवर घातल्यावर वाहत नाही. आपल्याकडे बाजारात बहुतेक कॅलिफोर्नियाचा बदाम मिळतो, तो चालतो. मामरा बदाम तेलकट असतो, त्याचे काप सुंदर खमंग होतात, पण किंमत पाहता घरच्या बिस्किटांसाठी त्याची गरज नाही. फक्त बदाम खवट नाही ना, हे एक दाणा चावून नक्की बघा. इथे वेलदोडा नाही, केशर नाही, खवटपणा झाकायला काहीच नाही.

ट्रेवर बेकिंगचा कागद घालून चमचाभर मिश्रण टाका आणि ओल्या काट्याने जमेल तितकं पातळ पसरा. कागद आरपार दिसला तरी चालेल, काप मात्र एकावर एक येऊ देऊ नका. १८० अंशांवर आठ ते दहा मिनिटं. कडा तपकिरी आणि मध्य फिकट सोनेरी झाला की बाहेर. यापुढचा अर्धा मिनिट सगळ्यात महत्त्वाचा. भट्टीतून निघालेलं बिस्किट कापडासारखं लवचीक असतं. ते पातळ उलथन्याने सोडवून लगेच लाटण्यावर पालथं टाकायचं, हलकेच दाबायचं आणि सोडून द्यायचं. साखर निवली की आकार कायमचा बसतो. म्हणूनच एका ट्रेमध्ये चार-पाचच घाला, जास्त घातलीत तर शेवटची दोन वळायच्या आत कडक होतील. झालीच तर ट्रे पुन्हा अर्धा मिनिट आत सारा, साखर मऊ होते. हे काम दोघांनी करण्याचं आहे: एकाने सोडवायचं, दुसऱ्याने वळवायचं. मुलांना हे फार आवडतं, पण ट्रे तापलेला असतो, तेव्हा त्यांना लाटण्याच्या बाजूलाच उभं करा.

आता पेय. बास्क माणसाचं उन्हाळ्यातलं लाडकं पेय म्हणजे कालिमोचो: लाल वाईन आणि कोला निम्मे-निम्मे, भरपूर बर्फ, हवी तर लिंबाची फोड. पाककृती एवढीच.

वाईनमध्ये कोला घालायची कल्पना नवी नव्हती. स्पेनमध्ये कोका-कोलाचं उत्पादन १९५३ साली सुरू झालं, आणि त्यानंतर हे मिश्रण निरनिराळ्या नावांनी चालू होतंच. नाव पक्कं झालं ते १९७२ साली, बिल्बाओजवळच्या आल्गोर्ता गावाच्या जुन्या बंदरातल्या उत्सवात. तिथली मंडळी सांगतात ती हकिगत अशी: मित्रांच्या एका टोळक्याने उत्सवात विकण्यासाठी मोठ्या प्रमाणात वाईन घेतली. उघडून पाहिली तर ती आंबूस झालेली. फेकून द्यायला परवडणारं नव्हतं, म्हणून चव झाकण्यासाठी तिच्यात कोला ओतला. तो प्रकार लोकांना आवडला, आणि दोन टोपणनावं जोडून त्याचं नाव पडलं.

त्या टोळक्याला तिथे ‘कुआद्रिया’ म्हणतात, आणि बास्कांचं सामाजिक आयुष्य बरंचसं याच शब्दाभोवती फिरतं. शाळेपासूनचे आठ-दहा मित्र म्हातारपणापर्यंत एकत्र हिंडतात, एकत्र पितात, बहुतेकदा एकाच सामाईक पैशाच्या पाकिटातून. बिल्बाओचा ‘आस्ते नागुसिया’ हा मोठा उत्सव आजच्या रूपात १९७८ साली सुरू झाला. १५ ऑगस्टनंतरच्या शनिवारपासून नऊ दिवस तो चालतो. त्याची देवता म्हणा, यजमानीण म्हणा, ती मारिहाया: हात वर करून नाचणाऱ्या एका धिप्पाड बाईची बाहुली, मारी पुरी एर्रेरो या चित्रकर्तीने घडवलेली, शेवटच्या रात्री तिचं दहन होतं. नदीकाठी मंडळांचे स्टॉल लागतात, आणि तिथे कालिमोचो मिळतो तो ‘काची’ नावाच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या ग्लासात. तो एकट्याने संपवायचा नसतोच, हातोहात फिरवायचा असतो.

बिल्बाओपासून दक्षिणेला गाडीने सुमारे दीड तासावर रिओहा आलावेसा हा द्राक्षमळ्यांचा भाग आहे. तोही बास्कांचाच. तिथल्या तळघरांत वाईन वर्षानुवर्षं ओकच्या पिंपात मुरते, आणि एका वाइनरीचं हॉटेल फ्रँक गेहरी या वास्तुविशारदाने उभारलं आहे. त्याच प्रदेशातली पोरं उत्सवात स्वस्त टेट्रापॅकची वाईन कोल्यात ओततात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. चांगली वाईन जेवणासोबत सावकाश प्यावी, स्वस्त वाईन बर्फात घालून मित्रांना द्यावी, हा त्यांचा व्यवहार मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे वाईन म्हटली की लगेच ग्लासाचा आकार आणि धरायची पद्धत निघते, आणि बिचारा पाहुणा अवघडून बसतो. गोव्यात काजूची उर्राक पिताना कोणी अवघडत नाही: लिंबूसोडा, मीठ, उभी चिरलेली मिरची, आणि गप्पा सुरू. कालिमोचो त्याच जातीचा आहे.

यंदाच्या बैठकीसाठी नाशिकचीच साधी, कोवळी लाल वाईन घ्या. ओकमध्ये मुरलेली महाग बाटली यात वाया जाईल. आदल्या दिवशी वाईन आणि कोला दोन्ही फ्रीजमध्ये ठेवा. कोमट कालिमोचो पिववत नाही. दादांच्या बागेतली थोडी द्राक्षं एप्रिलमध्ये फ्रीझरमध्ये टाकून ठेवलीत तर बर्फाऐवजी तीच ग्लासात घालता येतील, पेय पातळ होणार नाही. ज्यांना कोला नको त्यांच्यासाठी त्याच वाईनमध्ये लिंबाचा गोड सोडा घाला. त्याला ‘तिंतो दे व्हेरानो’ म्हणतात, पण ते मूळचं दक्षिणेकडचं, अंदालुसियातलं. सांग्रियाचा घाट घालायची गरज नाही. फळं चिरत बसण्यात तुमची दुपार जाईल. एक गोष्ट मात्र पाहुण्यांना आवर्जून सांगा: वाईन साडेबारा टक्क्यांची असेल तर निम्म्या कोल्यानंतरही सहा टक्क्यांहून जास्त उरते, म्हणजे कडक बिअरच्या जवळपास, आणि गोडव्यामुळे ते जाणवत नाही. गाडी चालवणाऱ्यांना कोकम सरबत द्या.

बिस्किटं कालिमोचोबरोबर एकदम ठेवू नका. गोडावर गोड होतं. आधी खारे दाणे, काकडी, ऑलिव्ह असलं काही ठेवा. तेखा शेवटी येऊ द्या, कॉफीबरोबर. एखाद्या पाहुण्याला वाईनबरोबरच हवी असतील तर त्याला थंड पांढरी वाईन द्या. बास्कांची स्वतःची पांढरी वाईन चाकोली, हलकी, आंबटसर आणि किंचित फसफसणारी. गेतारिया गावच्या चाकोलीला १९८९ पासून अधिकृत प्रदेशनाम आहे. ती आपल्याकडे शोधत बसू नका, नाशिकची शेनँ ब्लाँ तिच्याहून बरीच गोड असते. सोव्हिनियाँ ब्लाँ जास्त जवळची.

आणि अंड्यांचे पिवळे बलक उरतील, ते टाकू नका. तोलोसातच बदाम आणि बलक यांचा ‘शाशू’ नावाचा मऊ गोड पदार्थ करतात. गोर्रोचातेगी या मिठाईवाल्या घराण्याने तो नावारूपाला आणला, आणि त्याच घराण्याने गावात मिठाईकलेचं संग्रहालयही उभं केलं. शाशूची पद्धत पुढच्या पत्रात लिहितो. तोवर बलक झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतील, किंवा दादांना त्याच संध्याकाळी ऑम्लेट करून घाला.

दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सुहास