शिट्टी

चंद्रपूरहून मूल रोडला लागलं की लोहाऱ्यानंतर जंगल सुरू होतं. तिथे बाबा गाडीतला स्टिरिओ लावायचे. गेल्या दिवाळीत मी सीटखाली नवा अॅम्प्लिफायर बसवून दिला, आणि त्यांनी स्टिरिओ लावणंच बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "चांगला आहे ना आवाज." पुढच्या खेपेला सोबत गडचिरोलीला निघालो, तेव्हा कळलं. स्पीकरमधून एक बारीक शिट्टी येत होती. अॅक्सिलरेटर दाबला की चढायची, पाय काढला की उतरायची.

बाबा गाडीत एकच रेकॉर्डिंग ऐकतात. मोठेबाबा झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचे. धान निघालं की गावोगावी मंडप पडायचे, रात्रभर नाटक चालायचं. प्रेक्षकांत बसून कुणीतरी एका प्रयोगाची कॅसेट भरली होती. मोठेबाबा गेले, त्यांचा आवाज तेवढाच उरला. ती कॅसेट मीच मोबाइलवर उतरवली होती. अॅम्प्लिफायरही त्यासाठीच बसवला होता.

माझी पदवी कॉम्प्युटरची. पहिल्या वर्षाचं बेसिक इलेक्ट्रिकल परीक्षेपुरतं वाचलेलं. ते आता पुन्हा उघडलं. अल्टरनेटर थ्री-फेज वीज तयार करतो आणि डायोड तिची डीसी करतात, पण ती अगदी सपाट होत नाही, बारीक लाटा उरतात. १२ पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लाटा. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर सेकंदाला १२०० लाटा होतात. कानाला स्पष्ट ऐकू येणारा सूर. इंजिनचा वेग वाढला की सूर चढणारच.

पण या लाटा प्रत्येक गाडीत असतात. मग शिट्टी आमच्याच गाडीत का?

सगळे म्हणतात म्हणून आधी मोबाइल चार्जरवरून काढला. फरक नाही. मग बॅटरीची वायर ऑडिओ केबलपासून लांब नेली. एक अख्खा रविवार गेला, फरक नाही. शेवटी ऑफिसात रोज करतो तसं केलं: एका वेळी एकच गोष्ट. इंजिन बंद केलं, शिट्टी बंद. इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूम शून्य केला, शिट्टी तशीच. म्हणजे ती मोबाइलमधून येत नव्हती, व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरत होती. अॅम्प्लिफायरमधून ऑडिओ केबल उपसली. शांत.

गाडीत निगेटिव्हसाठी वेगळी वायर फिरवत नाहीत, बॉडीचा पत्राच ते काम करतो. स्टिरिओचं अर्थिंग डॅशबोर्डमागे होतं, अॅम्प्लिफायरचं मी सीटच्या बोल्टला दिलं होतं, रंगावरूनच. तिथे जोड कच्चा राहिला. दोन अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक पडला, केबलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागला आणि अॅम्प्लिफायर त्यालाही गाणं समजून मोठं करत राहिला. पॉलिश पेपरने रंग खरवडला, पत्रा चकाकेपर्यंत. बोल्ट पुन्हा आवळला. इंजिन सुरू केलं. शिट्टी गेली होती.

पुढच्या खेपेला बाबांनी स्वतःच रेकॉर्डिंग लावलं. आता आवाज स्वच्छ होता, आणि म्हणूनच मागची एक घरघर ऐकू येऊ लागली. मी म्हटलं, "बाबा, ही कॅसेटमधलीच आहे. लॅपटॉपवर फिल्टर लावून काढून देतो."

"राहू दे गा," ते म्हणाले. "तो जनरेटर होय."

सावली मागे पडली होती. त्यांनी आवाज वाढवला. "आता आईक." घरघर अडखळली, थांबली. माइक गेला. मंडपात गलका झाला, आणि त्यातून मोठेबाबांचा आवाज आला, उघड्या गळ्याचा, आधीपेक्षा मोठा. एकही शब्द न गाळता ते अंधारात संवाद पुढे नेत होते.

हे रेकॉर्डिंग मी कितीदा तरी ऐकलं होतं. ते मध्येच का ओरडतात, हे मला कधी कळलं नव्हतं.