दोन दिवस बघू

पनवेलमध्ये डॉक्टरांना तोटा नाही. टपाल नाका, लाईन आळी, मिरची गल्ली अशी नुसती एक फेरी मारली तरी हाडांचे, कानांचे, बायकांचे, मुलांचे, दातांचे असे सगळे डॉक्टर पाट्यांवरून भेटून जातात. रूळ ओलांडून नवीन पनवेलला जावं, तर तळमजल्यावर मेडिकल, त्याच्यावर रक्त-लघवी तपासणी आणि त्याच्याही वर दवाखाना अशी रचना इमारतीमागून इमारतीत. कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. एवढं असून आमच्या घराला मात्र पाडव्यापासून डॉक्टर नव्हता.

आमच्या डॉक्टरांनी पाडव्याला दवाखाना बंद केला. मुलगी पुण्याला, गुडघे कुरकुरायला लागलेले, त्यात इमारत पुनर्विकासाला गेलेली. महिनाभर आधी त्यांनी औषधं देण्याच्या खिडकीवर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला. त्यांचं अक्षर शेजारच्या मेडिकलवाल्याखेरीज फारसं कोणाला लागत नसल्यामुळे बऱ्याच पेशंटांना ती बातमी मेडिकलमध्येच कळली. ‘मग आता आम्ही जायचं कुठे?’ असं जो तो विचारी. डॉक्टर म्हणत, ‘पनवेलात डॉक्टर काय कमी आहेत?’ आणि लगेच, ‘झोप लागते का हल्ली?’

दवाखाना जुन्या पद्धतीचा होता. लाकडी बाक, धुऊन धुऊन रंग उडालेला हिरवा पडदा, कंपाउंडरच्या मागे बरण्या. माझ्या लहानपणी इथे लाल औषध मिळायचं. बाटली घरून न्यायची, तिच्यावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून मिळायची आणि एका खाचेएवढं औषध सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. पुढे औषध गेलं, पुड्या गेल्या, छापील पाकिटं आली. खणातली कार्डं तेवढी शेवटपर्यंत राहिली. जाड पिवळट कागदाची, पोस्टकार्डाएवढी. एका घराचा एक गठ्ठा आणि त्याला रबरबँड.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी ज्याचा गठ्ठा त्याला देऊन टाकला. तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळावेत, मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, असं आहे. खोकला-तापासाठी बाकावर येऊन बसणाऱ्याचं कार्ड ही खुशीची गोष्ट. घरी आणून आम्ही तो गठ्ठा जेवणाच्या टेबलावर पसरला. वडिलांच्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईत ‘पेनिसिलिन नाही’ आणि खाली पेन्सिलीने ‘दमा गणपतीत वाढतो’. आईच्या कार्डावर गोळ्यांच्या नावांमध्ये एकदम ‘सूनबाई आली’ एवढंच. माझ्या एका जुन्या कार्डावर मार्च महिन्याची तारीख होती आणि समोर दोन शब्द: ‘परीक्षा. पोट.’ औषधाचा रकाना कोरा होता.

त्या कोऱ्या रकान्यावर माझी नजर बराच वेळ रेंगाळली. डॉक्टरांनी मला दिलेल्या गोळ्यांपैकी एकीचंही नाव आज आठवत नाही, पण न दिलेल्या औषधाची नोंद त्यांनी ठेवली होती. ‘दोन दिवस बघू’ हे त्यांचं पेटंट वाक्य. पोरगं परीक्षेला घाबरतं हे ठाऊक असलेला माणूसच तसं म्हणू शकतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आईला चक्कर आली, तेव्हा नाडीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं होतं, ‘वहिनी, काल निर्जळी केलीत ना? मग चक्कर नाही येणार तर काय येणार? पाणी प्या, पेज घ्या. दोन दिवस बघू. पुन्हा आली तर मात्र उठून लगेच यायचं.’

पुन्हा चक्कर आली, पण डॉक्टर पुण्याला गेल्यावर. आम्ही आईला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथला तरुण डॉक्टर नम्र होता, घाईत होता. त्याने कार्डिओग्राम काढला, साखर, सोडियम, थायरॉइड पाहिलं आणि शेवटी डोक्याचा एमआरआय लिहून दिला. सगळं नॉर्मल आलं. बिल बघून माझी बायको म्हणाली, ‘आपल्याला लुटलं.’ मला तसं वाटलं नाही. सत्तरी ओलांडलेली, रक्तदाबाची गोळी घेणारी एक बाई चक्कर येते म्हणून समोर बसली आहे. तिच्याबद्दल याहून अधिक त्याला काही माहीत नाही. उद्या काही झालं तर जाब त्याला विचारणार. ओळखीच्या डॉक्टरला निम्मी खात्री ओळखीतूनच मिळालेली असते. अनोळख्याला ती सगळी यंत्रांतून काढावी लागते आणि तिचे पैसे आपण भरतो. थांबून बघायची हिंमत हा डॉक्टरच्या हुशारीचा भाग आहेच, पण त्याहून जास्त तो ओळखीचा भाग आहे.

नॉर्वेत या ओळखीचा हिशेबच मांडला गेला. तिथे २००१ पासून जवळपास प्रत्येक नागरिकाच्या नावापुढे एका डॉक्टरचं नाव असतं. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून तिथल्या संशोधकांनी २०२२ च्या सुमारास लिहिलं, की ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांना डॉक्टरशी वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत अवेळी उपचारांसाठी धावण्याची पाळी सुमारे ३० टक्के कमी आली, तातडीने दाखल होण्याची २८ टक्के कमी आणि मरणाची शक्यता २५ टक्के कमी होती. अशा आकड्यांत कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अगदी सुटं करता येत नाही. तरी वर्षांगणिक लाभ वाढत गेलेला दिसतो, हे विशेष. इंग्लंडातही माणूस आपलं नाव एखाद्या दवाखान्यात नोंदवतो; डॉक्टर निवृत्त झाला तरी नाव आणि कागद तिथेच राहतात. आपल्याकडे असली यादी नाही. कोणत्याही डॉक्टरकडे जायला आपण मोकळे आणि डॉक्टर गेला की तितकेच वाऱ्यावर.

पनवेलला औषधांचा वारसा जुना आहे. इथली नगरपालिका १८५२ ची. पुराणिक घराण्याने श्री धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे काढला, तो १८७२ साली. म्हणजे आसवं, अरिष्टं आणि भस्मं इथून देशभर जायला लागून दीडशे वर्षं उलटून गेली. तेव्हाचं पनवेल म्हणजे तळ्यांभोवतीचं, कोकणच्या वाटेवरचं बाजारगाव. वैद्याला घराणी पाठ असत आणि घराण्यांना वैद्य. १९९८ मध्ये लोकल पनवेलपर्यंत आली, २०१६ मध्ये महापालिका झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. माणसं येत राहिली, भाड्याची घरं बदलत राहिली, डॉक्टरही अकरा महिन्यांच्या करारावर गाळे घेऊ लागले. दोन्ही बाजू फिरत्या असल्यावर ओळख मुरणार कधी?

तरी शोधणं भागच होतं. शेजाऱ्यांचे सल्ले आले. ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ ‘तिथे नंबर लवकर लागतो.’ ‘अमके एका इंजेक्शनात ताप उतरवतात.’ या शेवटच्या शिफारशीमुळे ते नाव मी तिथल्या तिथे गाळलं. मग पाट्या वाचायला लागलो. नावापुढची अक्षरं नीट वाचली पाहिजेत. एमबीबीएस, एमडी यांच्या जोडीला बीएएमएस, बीएचएमएस असतात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून अ‍ॅलोपॅथीची औषधं देता यावीत, असा बदल राज्याने २०१४ मध्ये कायद्यात केला आणि त्यावरचा वाद अजून धुमसतो आहे. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दिसायला हवा, हाही नियमच. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. क्रमांक विचारला म्हणून डॉक्टर रागावला, तर आपलं निम्मं काम तिथेच झालं.

पण सचोटीचा क्रमांक नसतो. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं उदाहरण आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रापासून त्यांनी विंचूदंशाचा पिच्छा पुरवला. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने विंचवाने मरणारी माणसं वाचवता येतात, हे त्यांनी ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांतून जगाला सांगितलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या माणसाकडे एकदा एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा धनादेश आला. पेशंट पाठवल्याबद्दलची ‘फी’ म्हणून. दुसरा कोणी तो मुकाट बँकेत भरता. त्यांनी परत पाठवला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ मध्ये राज्य सरकारने या कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही करवून घेतला. खरं तर ही बाब थेट विचारता येते. ‘तपासणी कुठेही केली तर चालेल ना?’ एवढं म्हणावं आणि उत्तर येईपर्यंत डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघावं.

असं करत आम्ही पोचलो खांदा कॉलनीत, एका तरुण डॉक्टरबाईंकडे. मी मनातून नाखूष होतो. मला पिकलेले केस हवे होते. बाईंनी पहिल्याच वाक्याला आईला ‘आजी’ म्हटलं आणि आईच्या कपाळाला आठी पडली. आधीचे डॉक्टर शेवटपर्यंत वहिनी म्हणत. मी गठ्ठा पुढे केला. बाईंनी रबरबँड काढून कार्डं एकेक करून पाहिली. अक्षर न लागल्यावर मोबाइलवर फोटो काढून मोठं करून पाहिलं, तरी लागेना, तेव्हा म्हणाल्या, ‘तुम्हीच वाचून दाखवा.’ आई वाचत गेली. ‘दमा गणपतीत वाढतो’ आलं तेव्हा बाईंनी विचारलं, ‘धुपाने?’ आई म्हणाली, ‘धूप, कापूर, उदबत्ती, सगळंच.’ बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी टंकलं.

मग त्यांनी आईला तपासणीच्या टेबलावर आडवं करून रक्तदाब घेतला. उभं केलं, जरा वेळ थांबल्या, पुन्हा घेतला. दोन्ही आकड्यांत चांगलंच अंतर होतं. आई झटकन उठली की रक्तदाब उतरतो आणि तिला भोवंडतं. गोळी जुनी, मात्रा जुनी, आईचं वजन मात्र आताशा उतरलेलं. बाईंनी मात्रा कमी केली, झोपून उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायला सांगितलं आणि महिनाभराने बोलावलं. एकादशीचं कारण काही खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. इतकी वर्षं आईला दर महिन्याला बघणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी तिला कधी असं उभं केलं नव्हतं. नेहमीच्या डोळ्याला हळूहळू झालेला बदल दिसत नाही. स्वतःच्या आईचं म्हातारपण तरी मला कुठे वेळेवर दिसलं होतं? कार्डांनी बाईंना आईची गोष्ट सांगितली आणि नव्या नजरेने तिच्यात एक ओळ भरली. दोन्ही हवं होतं.

आता सरकारी ‘आभा’ क्रमांकही काढून झाला आहे. चौदा आकड्यांच्या त्या खात्यात २०२१ पासून देशभर लोक आपले रिपोर्ट साठवू लागलेत, आईचा एमआरआयही तिथे जाऊन बसेल. ‘परीक्षा. पोट.’ कोणत्या रकान्यात भरायचं, ते मात्र आपल्यालाच बोलून सांगावं लागणार. बाई बोलू देतात. त्यांचीही एक तऱ्हा आहे: जास्तच काळजी घेतात, चार गोष्टी तपासून घेतात, शंका आली की चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात. परवा माझ्या सर्दीला त्यांनी तीन प्रश्न जास्त विचारले. ‘दोन दिवस बघू’ अजून त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते येईल तेव्हा येईल.

त्या पहिल्या दिवशी घरी येताना रिक्षात मी आईला म्हटलं, ‘बाई चांगल्या आहेत गं, पण जरा लहान वाटतात. अजून कोणी अनुभवी बघायचा का?’

आई बाहेर बघत होती. म्हणाली, ‘अनुभवी कशाला? पाच वर्षांत तोही दवाखाना बंद करून पुण्याला जाईल. मग माझी कार्डं घेऊन फिरशील परत दारोदार. ही टिकेल.’

‘पण अनुभव?’

‘तो कुठून येणार? आपल्याकडूनच ना!’